विश्लेषण : स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगला मॅनेजमेंटची जोड किती कामाची?

सिव्हिलची पदवी हातात आली की घरात दोन मते पडतात. एक म्हणते एम.टेक. कर, दुसरे म्हणते एमबीए कर. अलीकडे तिसरा पर्याय पुढे येतो आहे. एकाच पदव्युत्तर अभ्यासक्रमात स्ट्रक्चरल डिझाइनही शिकायचे आणि व्यवसाय व्यवस्थापनही. परदेशी विद्यापीठांच्या माहितीपत्रकांत ही जोडी आकर्षक दिसते. पण या पदवीतून नेमके काय मिळते, त्यासाठी काय सोडावे लागते आणि मायदेशी परतल्यावर ती कुठे चालते, याचा हा आढावा.

हा अभ्यासक्रम नेमका काय असतो?

स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगची एमएससी म्हणजे काँक्रीट, स्टील, भूकंपरोधक रचना, संगणकीय विश्लेषण आणि शेवटी प्रबंध. जोड-अभ्यासक्रमात यातले काही विषय कमी करून प्रकल्प व्यवस्थापन, वित्त, करार आणि कायदा, संस्था कशी चालते असे विषय घातले जातात. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या सिव्हिल विभागाने काँक्रीट स्ट्रक्चर्स आणि स्ट्रक्चरल स्टील डिझाइन या एमएससींना बिझनेस मॅनेजमेंटची जोड दिलेल्या पदव्या चालवल्या आहेत. अमेरिकेत याच कल्पनेचे मोठे रूप दिसते. एमआयटीचा ‘लीडर्स फॉर ग्लोबल ऑपरेशन्स’ हा दोन वर्षांचा कार्यक्रम एमबीए आणि इंजिनीअरिंगमधली मास्टर्स अशा दोन पदव्या एकत्र देतो. त्यात सिव्हिलचाही पर्याय आहे. १९८८ मध्ये तो ‘लीडर्स फॉर मॅन्युफॅक्चरिंग’ या नावाने सुरू झाला.

दोन्हींत मोठा फरक आहे. एका ठिकाणी दोन पदव्यांसाठी दोन वर्षे मिळतात. दुसऱ्या ठिकाणी एका वर्षाच्या एकाच पदवीत दोन विषय बसवले जातात.

दोन विषय एकत्र आणण्याची गरज काय?

याचे उत्तर कोणत्याही चालू साइटवर मिळते. स्लॅब ओतला की खालचे टेकू कधी काढायचे? काँक्रीटच्या रचनांसाठीची भारतीय संहिता आयएस ४५६ : २००० यावर स्पष्ट आहे. साधे पोर्टलँड सिमेंट असेल आणि तापमान १५ अंशांखाली जात नसेल, तर ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस ठेवावेत. ६ मीटरपर्यंतच्या तुळईखालचे १४ दिवस, त्याहून लांब तुळईखालचे २१ दिवस.

आता दुसरी बाजू पाहा. समजा, बिल्डरने प्रकल्पासाठी वर्षाला १२ टक्के व्याजाने ५० कोटी उचलले आहेत. महिन्याचे व्याज ५० लाख होते, म्हणजे एका आठवड्याला साधारण साडेअकरा लाख. सेंटरिंगचे भाडे, मजुरांची रोजी आणि टॉवर क्रेनचे भाडे वेगळेच. त्यामुळे ‘चार दिवस आधी काढले तर काय बिघडते?’ हा प्रश्न साइटवर रोज विचारला जातो.

फक्त संहिता पाठ असलेला इंजिनीअर ‘नाही’ एवढेच म्हणू शकतो, आणि बहुतेकदा त्याचे कोणी ऐकत नाही. फक्त खर्चाचा तक्ता वाचणारा मॅनेजर ‘काढा’ म्हणतो. दोन्ही समजणारा माणूस तिसरा मार्ग शोधतो. मधले काही टेकू हलवायचेच नाहीत अशी सेंटरिंगची रचना करता येईल का? लवकर ताकद धरणारे मिश्रण वापरले तर त्याचा वाढीव खर्च व्याजातून वसूल होईल का? क्यूब टेस्टचा निकाल हातात आल्याशिवाय पुढचे काम नाही, ही अट वेळापत्रकातच घालता येईल का? हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी इंजिनीअरिंगचे आणि व्यवस्थापनाचे आहेत.

मुंबई-पुण्यात साइटवर ‘मायवान’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या साच्यांचेही तसेच. साचे महाग असतात. तेच मजले पुन्हा पुन्हा ओतले तरच त्यांचा खर्च निघतो. ते वापरायचे ठरले की विटांच्या बऱ्याच भिंतींच्या जागी काँक्रीटच्या भिंती येतात, इमारतीची सगळी रचना बदलते आणि पुढे रहिवाशाला मधली भिंत पाडता येत नाही. म्हणजे खरेदीच्या एका निर्णयाने स्ट्रक्चरही ठरून जाते.

ही जोड नसली तर काय होते?

अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलची घटना यासाठी जगभर शिकवली जाते. हॉटेलच्या भव्य दालनात छताला टांगलेले पादचारी पूल होते. चौथ्या मजल्याचा पूल वर होता आणि दुसऱ्या मजल्याचा बरोबर त्याच्या खाली. मूळ आराखड्यात छतापासून खालपर्यंत जाणारे सलग लोखंडी दांडे दोन्ही पूल पेलणार होते. पण पुलाचा नट बसवायचा तर दांड्याच्या मोठ्या भागावर आटे पाडावे लागणार होते. ते टाळण्यासाठी पोलादकाम करणाऱ्यांनी एका दांड्याचे दोन केले. एक छतापासून वरच्या पुलापर्यंत आणि दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत.

बदल किरकोळ वाटला. परिणाम असा झाला की वरच्या पुलाच्या जोडावर आता दोन्ही पुलांचे वजन आले, म्हणजे भार दुप्पट झाला. चौकशीत असेही दिसले की मूळ आराखड्यातला जोडही शहराच्या नियमांइतका मजबूत नव्हता. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी दालनात नृत्याचा कार्यक्रम सुरू असताना दोन्ही पूल कोसळले. ११४ जणांचा मृत्यू झाला आणि दोनशेहून अधिक जखमी झाले.

बदललेल्या जोडाचे गणित इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही करता आले असते. पण ते कोणीच केले नाही. जोडाची तपासणी कोणाकडे, डिझाइन करणाऱ्याकडे की पोलादकाम करणाऱ्याकडे, यावर दोन्ही बाजू नंतर भांडत राहिल्या. नकाशांवर मात्र मंजुरीचा शिक्का होता. पुढे दोन इंजिनीअरांचे मिसुरी राज्यातले परवाने रद्द झाले. साधा हिशेब राहून गेला, कारण तो कोणी करायचा याची व्यवस्था सैल होती. मॅनेजमेंटच्या वर्गात जबाबदारीची वाटणी आणि बदलाची मंजुरी हे धडे रूक्ष वाटतात. या घटनेनंतर त्यांचे वजन कळते.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

१४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळच्या हिमालय पुलाचा भाग कोसळला आणि ७ जणांचा जीव गेला. त्याआधीच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये हा पूल किरकोळ दुरुस्तीच्या यादीत होता. ऑडिट झाले होते. प्रश्न उभा राहिला तो ऑडिट कसे झाले, त्यावर देखरेख कोणाची होती आणि अहवाल कोणी तपासला, याचा.

मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. महापालिका इमारतींची वर्गवारी करते. ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी. ‘सी-२’च्या दोन प्रकारांत मोठी दुरुस्ती येते आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. कागदावर हा तांत्रिक शेरा आहे. प्रत्यक्षात ‘सी-१’ लागला की भाडेकरूंना घर सोडावे लागते, पुनर्विकासाचा मार्ग मोकळा होतो आणि कोट्यवधींचे व्यवहार हलतात. म्हणून एकाच इमारतीचे दोन परस्परविरोधी अहवाल येतात आणि प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे जाते.

अशा अहवालावर सही करणाऱ्याला सळईचा गंज मोजता यायला हवाच. त्या अहवालातून कोणाला काय मिळणार आहे आणि दबाव कुठून येऊ शकतो, हेही त्याला वाचता यायला हवे. जोड-अभ्यासक्रमाच्या बाजूने सर्वांत मजबूत युक्तिवाद हाच आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण तासांच्या गणितात आहे. ब्रिटनमध्ये एमएससी १८० क्रेडिटची असते. एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचा अभ्यास, म्हणजे एकूण १,८०० तास. त्यातले साधारण ६० क्रेडिट प्रबंधाला जातात. उरतात १२०. त्यांपैकी ३० क्रेडिट व्यवस्थापनाला दिले तर स्ट्रक्चरचे शिक्षण एक चतुर्थांशाने घटते. ४५ दिले तर एक तृतीयांशाहून अधिक.

म्हणजे मॅनेजमेंटसाठी जादा वेळ मिळत नाही. ती स्ट्रक्चरच्या वाट्यातूनच दिली जाते. कापल्या जाणाऱ्या विषयांत भूकंप अभियांत्रिकी, पुलांची रचना किंवा प्रगत विश्लेषण असू शकते. पुढे डिझाइन ऑफिसात नोकरी करायची असेल तर मुलाखतीत हेच विषय विचारले जातात. दुसरीकडे, तीन-चार विषयांच्या बळावर मॅनेजमेंटची पूर्ण पदवीही होत नाही. कॅम्पसवर एमबीएच्या मुलांसाठी येणाऱ्या कंपन्या या विद्यार्थ्यांना त्याच रांगेत बसवतीलच असे नाही. ‘ना धड डिझाइनर, ना धड मॅनेजर’ अशी अवस्था होण्याचा धोका इथे आहे.

पदवीच्या नावाला इतके महत्त्व का?

भारतात स्ट्रक्चरल इंजिनीअर म्हणून सही करण्यासाठी स्थानिक संस्थेकडे नोंदणी लागते. नॅशनल बिल्डिंग कोड २००५ नुसार सिव्हिल पदवीधराला त्यासाठी स्ट्रक्चरल कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव हवा. ‘स्ट्रक्चरल इंजिनीअरिंग शाखेतली’ पदव्युत्तर पदवी असेल तर ही अट २ वर्षांवर येते. डॉक्टरेट असेल तर १ वर्षावर. अनेक शहरांच्या नियमांचा साचा याच धर्तीचा आहे. जोडनावाची पदवी या शाखेत बसते की नाही, हे गुणपत्रिकेतले विषय पाहून ठरवण्याची वेळ येऊ शकते.

दुसरा मुद्दा मान्यतेचा. जुलै २०२२ मध्ये भारत आणि ब्रिटन यांनी एकमेकांच्या पदव्या मान्य करण्याचा करार केला आणि ब्रिटनच्या एक वर्षाच्या मास्टर्सना भारतात मान्यतेचा मार्ग खुला झाला. मात्र इंजिनीअरिंग, वैद्यकीय, कायदा, वास्तुकला अशा व्यावसायिक पदव्या या करारातून वगळल्या आहेत. खासगी कंपनीला याने फारसा फरक पडत नाही. पण पुढे सरकारी पद किंवा कॉलेजात प्राध्यापकी डोक्यात असेल तर पैसे भरण्याआधीच ही चौकशी करायला हवी.

तिसरा मुद्दा ब्रिटनमध्ये चार्टर्ड इंजिनीअर होण्याचा. तिथे ‘जॉइंट बोर्ड ऑफ मॉडरेटर्स’ने मानांकन दिलेली एमएससी पुढील शिक्षण म्हणून धरली जाते. पण तिच्याखालची बी.ई. किंवा बी.टेक.ही मान्य असावी लागते. भारत २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य आहे. मात्र त्याचा लाभ एनबीएच्या ‘टियर-१’ मानांकनाच्या अभ्यासक्रमांनाच मिळतो. महाराष्ट्रातल्या अनेक संलग्न कॉलेजांचे पदवीधर त्यात येत नाहीत. हे बहुतेकांना तिकडे गेल्यावर कळते.

भारतात कोणते पर्याय आहेत?

भारतात या दोन गोष्टींचा मेळ बहुधा ‘कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट’ या नावाखाली येतो. पुण्याची ‘निकमार’ ही बांधकाम उद्योगाने १९८० च्या दशकात उभी केलेली संस्था याच क्षेत्रातली. आता ती विद्यापीठ झाली आहे. आयआयटी मद्रास आणि आयआयटी दिल्लीत बांधकाम तंत्रज्ञान व व्यवस्थापन या विषयात एम.टेक. आहे. एल अँड टीची ‘बिल्ड इंडिया’ शिष्यवृत्ती तरुण इंजिनीअरांना याच वाटेने पुढे नेते. मुंबईची व्हीजेटीआय आणि पुण्याची सीओईपी इथे स्ट्रक्चरल आणि कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट असे दोन वेगळे एम.टेक. आहेत.

फरक लक्षात घ्यायला हवा. कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट साइट, वेळापत्रक, निविदा आणि करार शिकवते. ते स्ट्रक्चरल डिझाइनर घडवत नाही. आणि स्ट्रक्चरल एम.टेक.मध्ये पैशाचे, कराराचे शिक्षण जवळजवळ नसते.

खर्चाच्या दृष्टीने मात्र गेट देऊन एम.टेक. करण्याच्या जवळपास काहीच येत नाही. पात्र विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. २४ महिन्यांचे २,९७,६०० रुपये होतात. ब्रिटनच्या एका वर्षासाठी बहुतेक कुटुंबांना घर किंवा शेत तारण ठेवून लाखो रुपयांचे कर्ज काढावे लागते.

ब्रिटनचा हिशेब किती बदलला?

बराच. शिक्षणानंतर नोकरी शोधण्यासाठी मिळणारा ‘ग्रॅज्युएट रूट’ व्हिसा २०२१ पासून २ वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्स पदवीधारकांना तो १८ महिनेच मिळणार आहे. त्यानंतर तिथे राहायचे तर कंपनीने स्किल्ड वर्कर व्हिसासाठी प्रायोजित करावे लागते. त्यासाठीची सर्वसाधारण किमान पगाराची अट २०२४ मध्ये २६,२०० वरून ३८,७०० पाउंड आणि जुलै २०२५ मध्ये ४१,७०० पाउंड झाली. नव्याने नोकरीला लागणाऱ्या पदवीधरांसाठी कमी पगाराची वेगळी तरतूद आहे, पण ती मुदतीपुरती. जानेवारी २०२४ पासून शिकवणी स्वरूपाच्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना जोडीदाराला सोबत नेता येत नाही.

म्हणून ‘दोन वर्षे तिथे नोकरी करून कर्ज फेडू’ हे जुने गणित आता धरून चालता येत नाही. भारतातल्या पगारावर हप्ता झेपेल का, हा प्रश्न आधी सोडवायला हवा.

हा अभ्यासक्रम कोणासाठी योग्य?

तीन गट करता येतील. पहिला, डिझाइन ऑफिसात किंवा साइटवर तीन-चार वर्षे काढलेले इंजिनीअर. त्यांचा स्ट्रक्चरचा पाया कामातून पक्का झालेला असतो. बिल का अडले, टेंडर का हरलो, नकाशा बदलल्याचा खर्च कोणावर पडला, हे त्यांनी पाहिलेले असते. वर्गात वित्त आणि करार शिकताना त्यांच्याकडे उदाहरणे असतात. त्यांना या पदवीचा सर्वाधिक उपयोग होतो.

दुसरा गट घरच्या व्यवसायाचा. वडिलांची आरसीसी कन्सल्टन्सी किंवा ठेकेदारी असलेल्या मुला-मुलींना दोन्ही बाजू लगेच वापरायच्या असतात. त्यांच्यासाठी पदवीच्या नावापेक्षा शिकलेले महत्त्वाचे.

तिसरा गट नुकतेच पास झालेल्यांचा, आणि अर्ज करणाऱ्यांत यांचीही संख्या असतेच. त्यांना स्ट्रक्चर पूर्ण यायचे असते आणि मॅनेज करायला अजून हाताखाली काही नसते. त्यांनी आधी निखळ स्ट्रक्चरल पदव्युत्तर शिक्षण घ्यावे किंवा नोकरी धरावी, मॅनेजमेंट नंतर करावे. कारण सरळ आहे. करार आणि वित्त तिशीनंतर, नोकरी सांभाळून शिकता येतात आणि हजारो लोक ते शिकतात. मॅट्रिक्स ॲनालिसिस किंवा डायनॅमिक्स दहा वर्षांनी पुन्हा उघडून बसणे फार थोड्यांना जमते.

प्रवेशाआधी काय तपासावे?

• चालू वर्षाची विषयांची यादी. जोड-अभ्यासक्रमांची नावे आणि रचना बदलत राहतात. जुन्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका पाहून निर्णय घेऊ नये.

• १२० शिकवणी क्रेडिटपैकी स्ट्रक्चरला नेमके किती, आणि भूकंप, काँक्रीट, स्टील यांपैकी काय गळते.

• प्रबंध स्ट्रक्चरवर करता येतो की व्यवस्थापनावरच करावा लागतो. स्ट्रक्चरवर करता आला तर तुटीची बरीच भरपाई होते.

• मॅनेजमेंटचे विषय कोण शिकवते. बिझनेस स्कूल की सिव्हिल विभाग? बांधकामाचे करार शिकवणारा माणूस बांधकामातला आहे का?

• पदवीपत्रावर नेमके कोणते शब्द येतात, आणि ज्या शहरात सही करायची आहे तिथली महापालिका ते कसे वाचते.

• भारतातल्या पहिल्या पगारात कर्जाचा हप्ता बसतो का.

पुढे काय?

या सगळ्याचा एक भाग विद्यार्थ्यांच्या हातात नाही. स्ट्रक्चरच्या एम.टेक.मध्ये करार, खर्च आणि व्यावसायिक जबाबदारी यांचा एखादा सक्तीचा विषय घालणे विद्यापीठांना अवघड नाही. त्यासाठी कोणाला लंडन गाठावे लागू नये. राज्यात पुनर्विकास, मेट्रो आणि पुलांची कामे एकाच वेळी सुरू आहेत. टेकू कधी काढायचे, बदललेला जोड कोणी तपासायचा, जुन्या इमारतीला कोणता शेरा द्यायचा, हे निर्णय रोज घेतले जात आहेत. ते घेणाऱ्या खुर्चीवर आज बहुतेकदा यातले एकच शिकलेला माणूस बसतो.

पण खुर्ची मिळवण्याचा क्रम विसरता येत नाही. आधी इमारत उभी राहते का हे स्वतः तपासता आले पाहिजे. तेवढे आले की तिचा खर्च, मुदत आणि करार हाताळणे शिकण्यात अर्थ आहे. जोड-पदवी हा क्रम पाळायला मदत करत असेल तर घ्यावी. पहिली पायरी गाळायला लावत असेल तर माहितीपत्रक कितीही देखणे असो, थांबावे.